दहा मिलिग्रॅम घेऊनही झोप तीनलाच का लागते?

वाचकाचं पत्र : माझं वय २७. गेली चार-पाच वर्षं रात्री अडीच-तीनशिवाय डोळा लागत नाही. ऑफिस साडेनऊचं, म्हणून गजर साडेसातचा. अकराला अंथरुणावर पडतो आणि तीन-चार तास नुसती कूस बदलत राहतो. सुट्टीच्या दिवशी मात्र ३ ते ११ गाढ झोप लागते आणि उठल्यावर ताजंतवानं वाटतं. घरचे म्हणतात, हा आळस आहे, मोबाईल बंद कर. तोही करून पाहिला, फरक पडला नाही. मग मेलाटोनिनच्या १० मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या. एक वाजेपर्यंत झोप आली नाही की एक घेतो. तीन आठवडे झाले. झोप तीनलाच लागते, वर सकाळी डोकं जड होतं. सकाळचं ऊन चांगलं असं वाचून आठवडाभर सहाला उठून पळायला गेलो, तर झोप आणखी लांबली, चारच्या पुढे गेली. डोस २० करू का? सवय लागेल का? बाहेरून गोळी घेतली तर शरीर स्वतःचं मेलाटोनिन बनवणं बंद करेल का?

उत्तर : डोस वाढवू नका. तो विसाव्या भागावर आणा आणि गोळीची वेळ साडेतीन तास अलीकडे घ्या. म्हणजे रात्री १ ला १० मिलिग्रॅमऐवजी साडेनऊला अर्धा मिलिग्रॅम. असं का, ते नीट समजून घ्या. कारण कळलं नाही तर पंधरा दिवसांत काहीतरी चुकेल आणि "मेलाटोनिनचा उपयोग नाही" असं वाटून तुम्ही सगळंच सोडून द्याल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य सुट्टीबद्दलचं आहे. आठ तास सलग झोप, उठल्यावर ताजेपणा. तुमची झोप उत्तम आहे, ती फक्त उशिरा येते. निद्रानाश झालेल्या माणसाला सुट्टीतही अशी झोप लागत नाही. तुमच्या वर्णनाला वैद्यकात विलंबित निद्रा-अवस्था म्हणतात. पक्कं निदान तपासणीनंतरच करता येतं, पण खुणा सगळ्या त्याच आहेत. यात आळसाचा काही संबंध नाही. किशोरवयात प्रत्येकाचंच जैविक घड्याळ उशिराकडे सरकतं, विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरा असतं आणि मग हळूहळू अलीकडे येऊ लागतं. काहींचं मात्र तिथेच राहतं. काही कुटुंबांत यामागे घड्याळाच्या एका जनुकातला बदल सापडला आहे. घरच्यांना हे जरूर वाचायला द्या. वर्षानुवर्षं "आळशी" ऐकून घेणारी माणसं शेवटी स्वतःही तेच मानू लागतात, आणि मग उपाय शोधायचंच सोडून देतात.

हे घड्याळ मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर असतं. साधारण २०,००० पेशींचा हा पुंजका आहे. बाहेरचा उजेड तोडून माणसांना प्रयोगशाळेत ठेवलं तर या घड्याळाचा दिवस सरासरी २४ तास ११ मिनिटांचा भरतो, असं १९९९ मध्ये चार्ल्स चाइस्लर यांच्या गटानं मोजून दाखवलं. म्हणजे बहुतेकांचं घड्याळ रोज थोडं मागे पडायला बघतं आणि रोजचा उजेड त्याला अलीकडे ओढून जागेवर आणतो. हा उजेड मोजायला डोळ्यात वेगळ्या पेशी असतात. त्यांच्यातलं मेलॅनोप्सिन हे रंगद्रव्य ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सर्वाधिक दाद देतं.

मेलाटोनिन हे संप्रेरक मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीत तयार होतं. एरन लर्नर यांनी १९५८ मध्ये ते पहिल्यांदा वेगळं काढलं. घड्याळाच्या हुकुमानं ते संध्याकाळी उशिरा रक्तात चढू लागतं, मध्यरात्रीनंतर शिखर गाठतं आणि सकाळी ओसरतं. डोळ्यावर पुरेसा प्रखर उजेड पडला तर माणसातही ते दबतं, हे १९८० मध्ये आल्फ्रेड लुई यांनी दाखवलं. आपल्यासाठी महत्त्वाचं हे की मेलाटोनिन झोपेचं औषध नाही, रात्र झाल्याची दवंडी आहे. ती ऐकून घड्याळ स्वतःची वेळ जुळवून घेतं. म्हणून झोपेची गोळी समजून घेतल्यावर त्याचा परिणाम किरकोळ दिसतो. २०१३ मध्ये १९ चाचण्यांचा एकत्रित हिशेब झाला, त्यात झोप लागायचा वेळ सरासरी ७ मिनिटांनी कमी झाला होता. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये साध्या निद्रानाशासाठी मेलाटोनिन सुचवलं नाही. त्याच संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र तुमच्यासारख्या तक्रारीसाठी, वेळ नेमकी साधून, ते सुचवलेलं आहे.

आता तुमचं घड्याळ किती वाजता चालतं ते काढू. त्यासाठी सुट्टीतली, गजराशिवायची झोप धरायची, कामाच्या दिवसांची नाही. स्वतःचं मेलाटोनिन साधारणपणे स्वाभाविक झोप लागण्याच्या दोन ते तीन तास आधी चढू लागतं. तुम्हाला ३ ला झोप लागते, म्हणजे ते सुमारे साडेबाराला सुरू होतं. दुसरी खूण शरीराच्या तापमानाच्या तळाची. स्वाभाविक जाग येण्याच्या दोन-तीन तास आधी शरीर सर्वांत थंड असतं. तुम्ही ११ ला उठता, तेव्हा तुमचा तळ ८ ते ९ च्या दरम्यान पडतो. साडेबारा आणि साडेआठ हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावरच बेतलेलं आहे.

अकराला पडून झोप का येत नाही, हेही यातून कळतं. मेलाटोनिन चढण्याच्या आधीचे दोन-तीन तास मेंदू सर्वांत जागा असतो. पेरेत्झ लाव्ही यांनी १९८० च्या दशकात या काळाला झोपेचं निषिद्ध क्षेत्र म्हटलं होतं. तुमच्यासाठी ते अंदाजे १० ते १२:३० असं येतं आणि तुम्ही बरोबर त्याच्या मध्यावर दिवा बंद करता. ते बंद करा. अंथरुणावर तळमळण्याची सवय लागली की मूळ तक्रारीवर निद्रानाशाची दुसरी तक्रार बसते आणि दोन्ही सोडवणं अवघड होतं.

एकची गोळी का वाया गेली? एकला तुमची दवंडी आधीच सुरू झालेली असते, तिच्यात भर घालून घड्याळाला नवं काही कळत नाही. नुकसान मात्र होतं. साध्या गोळीतलं मेलाटोनिन दर ४० ते ६० मिनिटांनी रक्तात निम्मं होतं. ०.३ मिलिग्रॅमनं रक्तातली पातळी शरीराच्या रात्रीच्या पातळीच्या आसपास जाते, आणि १० मिलिग्रॅम त्याच्या तेहतीसपट आहे. पाच वेळा निम्मं झालं की बत्तिसावा भाग उरतो. म्हणजे चार-पाच तासांनी, पहाटे पाच-सहाला, तुमच्या रक्तात तेवढं असतं जेवढं लहान गोळीनं सुरुवातीलाच मिळालं असतं. त्याचं शेपूट गजराच्या वेळेपर्यंत लांबतं. म्हणून डोकं जड. शिवाय सकाळच्या वेळी रक्तात असलेलं मेलाटोनिन घड्याळ अलीकडे आणत नाही, उशिराकडे ढकलतं. २० मिलिग्रॅम घेतलं तर या शेपटात आणखी एकदा निम्मं व्हायचा वेळ, पाऊण-एक तास, वाढेल. बाकी काही नाही.

योग्य वेळ कोणती, हे हेलन बर्जेस यांच्या गटानं २०१० मध्ये डोसनुसार आखून दाखवलं. ०.५ मिलिग्रॅम स्वतःचं मेलाटोनिन सुरू होण्याच्या २ ते ४ तास आधी घेतलं की घड्याळ सर्वाधिक अलीकडे येतं, ३ मिलिग्रॅम सुमारे ५ तास आधी. वेळ साधली तर दोन्ही डोसांनी मिळणारी सरक जवळपास सारखीच. म्हणून लहान डोस घ्या, त्याचं शेपूट सकाळपर्यंत पोचत नाही. तुमच्या साडेबारामधून तीन तास वजा केले की साडेनऊ येतात.

साडेनऊला झोप येईल अशी अपेक्षा ठेवू नका. ही गोळी झोपण्यासाठी नाही. काहींना किंचित सुस्ती येते, त्यामुळे ती घेतल्यावर गाडी चालवू नका. एखाद्या दिवशी विसरलात आणि साडेबारा उलटले, तर त्या रात्री सोडून द्या. उशिरा घेण्यापेक्षा न घेतलेली बरी. गोळी साधी, लगेच विरघळणारी हवी. सावकाश सुटणारी या कामाला नको, आणि ती कापायची तर मुळीच नाही, कापल्यावर तिची सावकाश सुटण्याची रचनाच मोडते. ०.५ मिलिग्रॅमची मिळाली नाही तर १ मिलिग्रॅमची साधी गोळी अर्धी करा.

आणि आता सहाच्या पळण्याकडे येऊ. पत्रातला हा भाग आम्हाला सर्वांत जास्त लागला, कारण इथे तुम्ही मनापासून मेहनत घेतली आणि तिचंच उलटं फळ मिळालं. उजेडाचा परिणाम तापमानाच्या तळावर पलटतो. तळाआधीच्या तासांत प्रखर उजेड मिळाला तर घड्याळ उशिराकडे जातं, तळानंतर मिळाला तर अलीकडे येतं. तुमचा तळ साडेआठच्या आसपास, म्हणजे सहा-सात वाजता तुमच्या मेंदूसाठी अजून भर रात्र होती. त्या वेळचं ऊन त्याच्या लेखी उशिरापर्यंत रेंगाळलेली संध्याकाळ ठरलं आणि त्यानं झोप पुढे ढकलली. "सकाळचं ऊन घ्या" हा सल्ला ज्यांचं घड्याळ आधीच वेळेवर आहे त्यांना लागू पडतो. तुमच्यासाठी सकाळ साडेनऊ-दहाला सुरू होते, आणि तिथून ती पायरीपायरीनं खाली आणायची आहे.

शक्य असेल तर दहा-बारा दिवसांच्या रजेत सुरुवात करा. पहिल्या दिवशी गजर १० चा. उठल्यावर पंधरा मिनिटांत बाहेर, उघड्यावर, ४५ मिनिटं. गॉगल नको, सूर्याकडे बघायचं नाही, चालत राहिलात तरी चालेल. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) मिळतात, घरात दिवे लावून १०० ते ३०० च्या आसपास. खिडकीत बसणं मधलं आहे आणि खिडकीपासून दोन मीटर आत सरकलात तर फारसं काही हाती लागत नाही. दर दोन दिवसांनी गजर आणि गोळी दोन्ही अर्धा तास अलीकडे घ्या : १० आणि ९:३०, मग ९:३० आणि ९, असं करत सहाव्या पायरीला सकाळी ७:३० आणि संध्याकाळी ७. झोपेची वेळ मात्र तुम्ही ठरवू नका. डोळे जड झाले की जा, ती आपोआप साडेबाराकडे येईल. एखाद्या पायरीवर दोन रात्री झोप जुन्याच वेळेला लागली तर तिथेच आणखी दोन दिवस थांबा. घाई केली आणि गजर घड्याळाच्या पुढे पळाला, तर उजेड पुन्हा तळाच्या आधी पडू लागतो आणि सहाच्या पळण्याची गत होते.

रजा नसेल तर काम थोडं हळू होतं. साडेसातला उठा, पण नऊपर्यंत प्रखर उजेड टाळा : घरात मंद दिवे, बाहेर गडद गॉगल. नऊला गॉगल काढा आणि ऑफिसात शिरण्याआधी अर्धा तास उघड्यावर काढा. दर तीन-चार दिवसांनी गॉगल काढायची वेळ आणि गोळीची वेळ अर्ध्या तासानं अलीकडे घ्या. स्वतः गाडी चालवत असाल तर गडद गॉगल आणि अपुरी झोप ही जोडी धोक्याची आहे, त्या दिवसांत दुसऱ्या कुणाबरोबर जा.

संध्याकाळच्या उजेडाचा विचार छताच्या दिव्यापासून सुरू करा. २०११ मध्ये जोशुआ गूली आणि सहकाऱ्यांनी झोपेआधीचे तास एकदा २०० लक्सपेक्षा कमी, म्हणजे नेहमीच्या खोलीच्या उजेडात, आणि एकदा ३ लक्सपेक्षाही मंद उजेडात घालवायला लावले. नेहमीच्या उजेडात जवळपास प्रत्येकाचं मेलाटोनिन उशिरा सुरू झालं आणि त्याचा रात्रीतला एकूण काळ सुमारे दीड तासानं घटला. मोबाईलला सगळा दोष देणं सोपं असतं, पण पडद्यावरच्या वाचनाचा जो प्रयोग सर्वत्र सांगितला जातो, २०१५ चा, त्यात माणसं पाच रात्री रोज चार तास पूर्ण उजळ पडद्यावर वाचत होती. त्यांचं मेलाटोनिन दीड तास उशिरा सुरू झालं खरं, पण झोप लागायला दहाच मिनिटं जास्त लागली. तुम्ही मोबाईल बंद केलात तेव्हा डोक्यावरचा दिवा चालूच असणार.

झोपेच्या अपेक्षित वेळेआधी तीन तास छतावरचे दिवे बंद करा. एकच पिवळसर दिवा, डोळ्यांच्या पातळीखाली, भिंतीकडे तोंड करून. २०२२ मध्ये या विषयातल्या शास्त्रज्ञांच्या गटानं मर्यादा सुचवल्या : मेलॅनोप्सिनच्या हिशेबानं मोजलेला उजेड दिवसा डोळ्यापाशी किमान २५० लक्स, झोपेआधीच्या तीन तासांत जास्तीत जास्त १०, झोपेत १. एवढी मोजमापं घरी होत नाहीत, तरी मोबाईलच्या उजेडमापकानं खोल्यांची तुलना नक्की करता येते. न्हाणीघर विसरू नका. तीन तास मंद उजेडात बसून शेवटी आरशावरच्या पांढऱ्या दिव्याखाली दात घासणारे पुष्कळ असतात. दात आधीच घासा, किंवा बाहेरच्या दिव्याच्या तिरिपेत. निळा प्रकाश अडवणारे चष्मे घ्यायचे तर नारिंगी काचेचे घ्या. जवळपास पारदर्शक दिसणारी काच फारसं काही अडवत नाही.

माणसामाणसांत या संवेदनशीलतेचा फरक प्रचंड असतो. २०१९ च्या एका अभ्यासात सरासरी माणसाचं मेलाटोनिन निम्म्यावर यायला सुमारे २५ लक्स पुरले, पण सर्वांत संवेदनशील आणि सर्वांत कमी संवेदनशील माणसांत पन्नासपटीहून जास्त अंतर निघालं. शेजारचा माणूस ट्यूबलाइटखाली बसून दहाला झोपतो, म्हणून तुम्हालाही ते जमावं असं नाही.

कॉफीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण सकाळी डोकं जड असलं की ती दुपारभर चालू राहते. झोपेच्या तीन तास आधी दोन कडक कपांइतकं कॅफिन घेतलं तर जागेपणा वाढतो तो वेगळाच, शिवाय मेलाटोनिनचं चक्रच सुमारे ४० मिनिटं उशिरा जातं, असं २०१५ मध्ये दिसलं. दुपारी दोननंतर बंद. डुलकी हवी तर तीनच्या आत आणि वीस मिनिटांची.

सुट्टीच्या दिवशी रोजच्या वेळेपेक्षा तासाभराहून जास्त झोपू नका. आठवडाभरात कमावलेला अर्धा-पाऊण तास दोन सकाळी लोळण्यात परत जातो. खूप थकवा असेल तर आदल्या रात्री, डोळे जड झाले तर, लवकर झोपा. उठायची वेळ तीच.

अपेक्षा किती ठेवायच्या? विलंबित निद्रा-अवस्थेच्या रुग्णांवर २०१८ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. इच्छित झोपेच्या एक तास आधी ०.५ मिलिग्रॅम आणि ठरलेल्या वेळेला अंथरुणात, असा चार आठवड्यांचा उपचार होता. नुसती वेळ पाळून खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा हे लोक सरासरी ३४ मिनिटं आधी झोपले. तुम्हाला हवे असलेले अडीच तास एकट्या गोळीतून मिळणार नाहीत. मोठा वाटा उजेड आणि ठरलेल्या वेळी उठणं यांचा असेल.

सवयीबद्दल : झोपेच्या नेहमीच्या गोळ्यांसारखं व्यसन मेलाटोनिनचं लागत नाही, आणि थोड्या काळाच्या वापरानं शरीराची स्वतःची निर्मिती बंद पडल्याचं दिसलेलं नाही. साडेसात-साडेबारा हे वेळापत्रक तीन-चार आठवडे टिकलं की गोळी थांबवून पाहा, सकाळचा उजेड सुरू ठेवा. घड्याळ पुन्हा उशिराकडे सरकू लागलं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती परत सुरू करता येते. मेलाटोनिन यकृतात ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) मोडतं, त्यालाच फ्लुवोक्सामिन हे नैराश्यावरचं औषध जोरात अडवतं, त्यामुळे ही जोडी नको. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही पातळी वाढते. वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध, अपस्मार, प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार, गर्भारपण किंवा स्तनपान यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. मेलाटोनिन चढलेलं असताना जेवलं तर रक्तातली साखर जास्त वाढते, म्हणून शक्यतो गोळी आणि जेवण यांत दोन तासांचं अंतर ठेवा. मधुमेह असेल तर ते कटाक्षानं पाळा. गोळी संध्याकाळी सातकडे येईल तेव्हा जेवण आधी उरकावं लागेल, ही खरी अडचण आहे. ते जमत नसेल तर रात्रीचं जेवण हलकं ठेवा.

हातातल्या बाटलीवरच्या आकड्यावर फार विसंबू नका. कॅनडात २०१७ मध्ये ३१ उत्पादनं तपासली. प्रत्यक्ष प्रमाण छापील आकड्यापेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त इतकं बदलत होतं, आणि ८ उत्पादनांत सेरोटोनिन हे वेगळंच रसायन सापडलं. अमेरिकेत २०२३ मध्ये २५ चघळायच्या गोळ्या तपासल्या, त्यांतल्या २२ वरचा आकडा चुकीचा होता. ज्या देशांत मेलाटोनिन औषध म्हणून नोंदवलेलं मिळतं तिथे तेच घ्या. पूरकच घ्यायचं तर स्वतंत्र प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र असलेलं, एकच घटक असलेलं बघा, आणि मध्येच ब्रँड बदलू नका.

सुरुवातीआधी दोन आठवडे वही ठेवा : दिवा कधी बंद केला, झोप अंदाजे कधी लागली, जाग कधी आली, कॉफी कधी, उघड्यावर किती वेळ. सुट्टीच्या ओळी वेगळ्या शाईनं लिहा. तुमच्या ३ ते ११ ऐवजी खरी सरासरी ३:४० ते ११:३० निघाली, तर वर दिलेल्या सगळ्या वेळा अर्ध्या तासानं पुढे न्याव्या लागतील. सहा आठवडे नीट पाळूनही झोप तासभरही हलली नाही, किंवा घोरताना श्वास अडकतो असं कुणी सांगितलं, पायांत रात्री अस्वस्थ वळवळ होत असेल, मन सतत खिन्न असेल, सुट्टीत आठ तास झोपूनही दिवसा डोळे मिटत असतील, तर निद्राविकारांच्या डॉक्टरांकडे जा. पूर्वी कधी उन्मादाचा झटका आला असेल तर प्रखर उजेडाचा उपचार स्वतःहून सुरूच करू नका. जाताना वही न्या आणि लाळेतल्या मेलाटोनिनच्या तपासणीबद्दल विचारा. संध्याकाळपासून मंद उजेडात बसवून दर अर्ध्या-एक तासानं लाळेचा नमुना घेतात आणि तुमचं मेलाटोनिन खरोखर किती वाजता सुरू होतं ते सांगतात. मग आमच्या साडेबाराच्या अंदाजाऐवजी तो आकडा धरून वेळापत्रक नव्यानं मांडा.